एकच नेक, दोन टॉप: सिंगल-कट गिटारच्या नोंदी

५ जानेवारी

शेवटी सुरुवात केली. पन्नासच्या दशकातल्या लेस पॉलच्या, म्हणजे गिब्सन कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या, धाटणीची सिंगल-कट (बॉडीला एकाच बाजूला खाच असलेली) गिटार स्वतःच्या हाताने करायची हे किती दिवस डोक्यात होतं, लाकूड दीड वर्ष कपाटावर पडून सुकलंय, आता अजून थांबण्यात अर्थ नाही. महोगनीची बॉडी, वर मेपलचा टॉप (पुढचा थर), महोगनीचाच नेक (हातात धरायची मान) आणि तो बॉडीत चिकटवलेला, स्केल लेंथ म्हणजे तारेची वाजणारी लांबी २४.७५ इंच. एवढं पक्कं आहे. पक्कं नाही ते दोनच गोष्टींचं, टॉप कुठला लावायचा आणि नेक केवढा जाड आणि कसल्या आकाराचा ठेवायचा. या नोंदी त्या दोन प्रश्नांसाठीच.

टॉपचे दोन सेट आहेत. 'अ' म्हणजे रेड मेपल, फ्लेम असलेलं, ओलं केलं की अंगावर वाघासारखे पट्टे उठतात. 'ब' म्हणजे शुगर मेपल, ज्याला सगळे हार्ड मेपल म्हणतात, एकदम साधं, शांत लाकूड, बघायला विशेष काही नाही.

मला आधी वाटायचं की जुन्या म्हणजे सगळ्या फ्लेमवाल्याच असणार. तसं नाहीये. १९५२ मध्ये लेस पॉल आली तेव्हा मेपल सोनेरी रंगाखाली झाकलेलं असायचं, त्यामुळे पट्टे आहेत का, टॉपच्या दोन तुकड्यांचा जोड बरोबर मधोमध आलाय का हे बघायची गरजच नव्हती, काही गोल्डटॉपचा रंग काढला की जोड एका बाजूला सरकलेला सापडतो. १९५८ ला पारदर्शक चेरी सनबर्स्ट (मध्ये पिवळा, कडेला लाल) आला आणि लाकूड दिसायला लागलं, आणि १९६१ ला बॉडीचा आकारच बदलला. म्हणजे ज्या टॉपसाठी लोक जीव टाकतात तो सगळा तीनेक वर्षांचा मामला आहे आणि त्यातल्याही कितीतरी गिटारी अगदी साध्या मेपलच्या आहेत. त्यामुळे 'ब' ला आधीच बाद करायचं नाही असं ठरवून बसलोय.

७ जानेवारी

दोन्ही सेट रंधा मारून सारख्या मापाला आणले. प्रत्येक अर्धा तुकडा ५६० बाय १९० बाय २० मिमी. वजन केलं तर 'अ' चा तुकडा १३०० ग्रॅम आणि 'ब' चा १५१० ग्रॅम. म्हणजे घनमीटरला ६१० आणि ७१० किलोच्या आसपास, रेड आणि शुगर मेपलचे जे आकडे सगळीकडे दिलेले असतात त्यात बरोबर बसतात. आता टॉप कापून, कडेला पातळ करून झाला की फरक जेमतेम दीडशे ग्रॅमचा राहील, पण गळ्यात अडकवून दोन तास उभं राहायचं असेल तर दीडशे ग्रॅम कळतात.

बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. 'ब' जास्त टणटणीत, 'अ' थोडा खाली आणि लवकर बसणारा. छान वाटलं ऐकायला, पण हा तुकडा उद्या ४५ मिमी महोगनीवर चिकटणार आहे, तेव्हा हातात लोंबकळताना तो कसा वाजतो यावरून काही ठरवणं मला पटत नाही.

संध्याकाळी 'अ' चे दोन्ही तुकडे पुस्तकासारखे उघडून शेजारी ठेवले, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि टेबल लॅम्प एका बाजूने लावला. डावा भाग उजळला, उजवा काळपट. लॅम्प दुसरीकडे नेला तर उलटं. खूप वेळ हेच करत बसलो होतो. कारण साधं आहे, फ्लेम म्हणजे रंग नाही, लाकडाचे रेषे लाटेसारखे वरखाली गेलेले असतात, जिथे रेषा आपल्याकडे तोंड करते तिथे ती प्रकाश पिते आणि जिथे आडवी पडते तिथे चमकते. आणि एकच फळी मधून चिरून उघडली की एका बाजूच्या रेषांचा कल दुसरीच्या बरोबर उलटा होतो, म्हणून एक बाजू उजळते तेव्हा दुसरी मावळते. फोटोत हे कधीच येत नाही. फोटोत पट्टे स्थिर दिसतात आणि तेच बघून आपण लाकूड निवडतो.

१२ जानेवारी

टॉपमुळे आवाज किती बदलतो हा वाद संपणारा नाही, पण मला माझ्यापुरतं कुठेतरी उभं राहायलाच हवं. पिकअपला, म्हणजे तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकाला, तार दिसते, लाकूड दिसत नाही. लाकूड जे काही करतं ते तारेची ताकद किती लवकर शोषतं आणि कुठल्या सुरांवर जास्त शोषतं याच वाटेने. १९५४ ची लेस पॉल कस्टम पूर्ण महोगनीची होती, वर मेपल नाहीच. त्याच वर्षीच्या ज्युनिअरला नुसती सपाट महोगनीची फळी. फेंडरच्या टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टरला तर वेगळा टॉप हा प्रकारच नसतो, आधी अ‍ॅश आणि १९५६ पासून स्ट्रॅटला बहुतेक करून ऑल्डर. या सगळ्या गिटारी चांगल्याच वाजतात. मेपलचा टॉप ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाली कडक जमीन देतो हे मी मानतो, पण रेड आणि शुगर यांच्यातला फरक वाजवताना डोळे मिटून ओळखता येईल असं मला वाटत नाही.

जिथे सगळे कमी बोलतात तो नेक. त्यावरच जास्त वेळ घालवायचा.

१९ जानेवारी

दोघा मित्रांकडून चार गिटारी आणल्या. एक ५८ च्या पद्धतीची, दोन ५९ च्या, एक ६० ची. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी, गिब्सनचे ५८ चे नेक बहुधा भरीव, ५९ चे थोडे उतरलेले आणि १९६० मध्ये एकदम सपाट आणि पातळ होत गेले. पण त्या काळी नेक शेवटी माणूस हातात धरून घासायचा त्यामुळे एकाच वर्षातले दोन नेकसुद्धा जुळत नाहीत, वर्ष म्हणजे नुसतं नाव आहे असंच धरायचं.

व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाडी घेतली, आणि पिनांचा कंटूर गेज दाबून प्रत्येक नेकचा आकार कागदावर उतरवला. मग खरी गोष्ट कळली. दोन्ही ५९ वाल्यांची पहिल्या फ्रेटला जाडी २२.४ मिमी. एक दशांशसुद्धा फरक नाही. आणि हातात घेतल्यावर एक गिटार मोठी वाटते आणि दुसरी लहान, मला वाटते, ज्याची आहे त्यालाही वाटते. दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. मधला उंचवटा जुळला, दोन्ही कडा जुळल्या, मधले खांदे मात्र वेगळे. फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पुढच्या फळीच्या) पृष्ठभागापासून १५ मिमी खाली मापलं तर एकीची रुंदी ३६ मिमी आणि दुसरीची ३२.५. तळहाताला लागतात ते खांदे. आणि जाहिरातीत, वर्णनात, सगळीकडे आकडा दिलेला असतो फक्त मधल्या जाडीचा.

फेंडरच्या बाबतीत तर अजून गोंधळ आहे. साठच्या दशकात त्यांच्या नेकच्या टोकावर ए, बी, सी, डी असा शिक्का असायचा तो नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) रुंदीचा होता, बी म्हणजे १ ५/८ इंच, साधारण ४१ मिमी, सी त्याहून रुंद. आज आपण सी, डी, व्ही, यू म्हणतो ते मागच्या आकाराला, कारण नेक आडवा कापला तर त्या अक्षरासारखा दिसतो. जुना सी आणि आजचा सी यांचा काही संबंध नाही. ५६-५७ च्या स्ट्रॅटचा मऊ व्ही मात्र मला फार आवडतो, अंगठा वरून आणून बास तार दाबायची सवय असेल त्याला तो आकार जागेवर पकडून ठेवतो. पण तिथे फ्रेटबोर्डची गोलाई ७.२५ इंचांची आणि माझ्याकडे १२ ची, इथे तो व्ही शोभणार नाही असं वाटतं.

२६ जानेवारी

योजना ठरली. तीन वेगळे नेक करून तुलना करण्यात एक खोट आहे, तिन्ही लाकडं वेगळी असणार, मग फरक आकाराचा की लाकडाचा हे कसं सांगणार? म्हणून नेक एकच. आधी जाड ठेवायचा, वाजवायचा, मापायचा, मग घासून पुढच्या आकाराला आणायचा, परत वाजवायचा. तोच तुकडा, तेच फ्रेट, तोच नट. अडचण एवढीच की हा रस्ता एकाच दिशेचा आहे, काढलेलं लाकूड परत येत नाही.

त्यासाठी महोगनीची एक साधी चौकोनी फळी टेस्ट बॉडी म्हणून केली, एक हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप), ट्यून-ओ-मॅटिक जातीचा ब्रिज, टेलपीस (तारांची टोकं अडकवायचा भाग), आणि नेक तात्पुरता बोल्टने. तारांची जाडी १० ते ४६ (इंचाचे हजारावे भाग), प्रत्येक टप्प्यावर नवा सेट.

नेक क्वार्टर-सॉन (रेषा उभ्या राहतील अशा चिरलेल्या) महोगनीचा एकसंध, फ्रेटबोर्ड शिसवीचा. जुन्या गिटारींवर ब्राझिलियन रोझवूड असायचं, ते १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, तो विषयच नको. २०१७ च्या जानेवारीत शिसवीसकट बाकीची सगळी डालबर्जिया प्रजाती, म्हणजे शिसवीचे भाऊबंद, दुसऱ्या परिशिष्टात टाकली होती, २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मला शिसवीत काही कमी वाटत नाही. ताजी घासली की जो जांभळट तपकिरी रंग उठतो आणि वास येतो, वा.

आत ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून घातलेली सळई) एकेरी, जुन्या पद्धतीचा. ही कल्पना गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यूची, १९२३ चं पेटंट, शंभर वर्षं उलटली तरी मूळ तत्त्व तेच आहे.

पहिला टप्पा: पहिल्या फ्रेटला २३.४, बाराव्याला २५.६ मिमी. खांदे भरलेले.

२ फेब्रुवारी

आठवडाभर जाड नेक वाजवला. मित्राने हातात घेऊन पहिलं वाक्य टाकलं, "अरे हा नेक आहे की बेसबॉल बॅट?" आणि मग अर्धा तास खाली ठेवला नाही. मलाही वाटलं होतं की हात दुखेल. उलट झालं. पातळ नेकवर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना अंगठा आणि बोटं चिमटा काढल्यासारखी आवळली जातात, इथे तळहात भरलेला असतो त्यामुळे दाब सगळीकडे वाटला जातो, तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते ती आली नाही. वरच्या फ्रेटवर करंगळी ताणायची वेळ आली की मात्र जाडी आडवी येते.

मग मापन. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर एकाच ताकदीने छेडून रेकॉर्ड केला आणि आवाज २० डेसिबलने खाली यायला किती वेळ लागतो ते लिहून काढलं. कंटाळवाणं काम, पण एक जागा लख्ख सापडली. जी तारेचा सातवा फ्रेट, म्हणजे डी, २९४ हर्ट्झ. आजूबाजूचे सूर साडेचार-पाच सेकंद चालतात आणि हा दोन सेकंदांत बसतो. डेड स्पॉट. नेक स्वतः ज्या वेगाने थरथरतो तोच वेग त्या सुराचा असला की तार आपली ताकद नेकला देऊन टाकते. खात्री करायला हेडस्टॉकला (नेकच्या वरच्या, खुंट्यांच्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावला, वजन वाढलं, नेकची कंपनं मंदावली आणि डेड स्पॉट खाली सरकला, सातवा परत जिवंत. क्लॅम्प काढला, परत मेला.

१५ फेब्रुवारी

घासायचा दिवस. तारा काढल्या, नेक सोडवून शिकंजात धरला. पद्धत अशी की आधी गोल करायला जायचंच नाही. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ रास्पने (खरखरीत कानशीने) खोबणीसारखी ठरलेली जाडी आणायची, त्या दोन खोबणी सरळ पट्टीने जोडायच्या, मग बाजूंना ४५ अंशांचे सपाट पैलू पाडायचे, मग त्या पैलूंच्या कडांवर आणखी पैलू, आणि असं करत करत शेवटी गोल आपोआप येतो. पेन्सिलीने अख्ख्या नेकवर गिचमिड करून घ्यायची, रास्प फिरला की जिथे पेन्सिल उरली तो खड्डा. शेवटी दिवा अगदी खाली, लाकडाच्या रेषेत धरायचा, सावलीत उंचवटे दिसतात जे बोटालाही कळत नाहीत. हिलजवळ (नेक बॉडीला मिळतो तिथे) रेषा उलट्या फिरतात तिथे रास्प ओढला तर तुकडा उचकटतो, तिथे स्क्रेपरच.

चार तास लागले. दुसरा टप्पा: २२.२ आणि २४.६. खांदे मुद्दाम अजून भरलेले ठेवलेत, १५ मिमी खाली ३५.५.

१८ फेब्रुवारी

आज जे दिसलं त्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

डेड स्पॉट सरकला. सातव्या फ्रेटवरचा डी आता चार सेकंद चालतो आणि सहाव्या फ्रेटवरचा सी शार्प, २७७ हर्ट्झ, अडीच सेकंदांत संपतो. हिशोब करून बघितला. नेक म्हणजे ढोबळमानाने पट्टी धरली तर ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, २३.४ चे २२.२ केले म्हणजे ताठरपणा साधारण १५ टक्क्यांनी गेला. पण वजनही उतरलं, त्यामुळे कंपनांचा वेग जाडीच्याच प्रमाणात कमी होतो, पाच टक्के. आणि एक फ्रेट म्हणजे सुमारे सहा टक्के. कागदावरचा अंदाज आणि कानाने ऐकलेलं इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं, कारण हेडस्टॉक, ट्रस रॉड, फ्रेटबोर्ड हे काहीच या हिशोबात नाही.

म्हणजे नेकचा आकार ही नुसती हाताच्या सोयीची गोष्ट नाहीये. जेमतेम सव्वा मिलिमीटर लाकूड मागून काढलं आणि गिटारचा कुठला सूर टिकतो आणि कुठला मरतो हे बदललं. टॉपच्या बाबतीत मला असा एकही आकडा दाखवता येणार नाही.

२२ फेब्रुवारी

आज फक्त खांदे उतरवले. मधल्या जाडीला हात लावला नाही. १५ मिमी खाली ३५.५ चे ३३ केले, निम्मं काम स्क्रेपरने आणि बाकी बोटाभोवती गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने.

मित्राला डोळे मिटून बसवलं आणि दिला. "हा बारीक केलास ना?" मी व्हर्नियर त्याच्या हातात दिला, त्याने स्वतः मापलं, २२.२, तीनदा मापलं.

डेड स्पॉट जागेवरच आहे, तिथे फरक सापडला नाही. हाताला मात्र वेगळीच गिटार. अंगठा आता वरून सहज येतो आणि तळहात तरीही भरलेला राहतो. नेक घ्यायला किंवा करायला जाणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, जाडी विचारा पण तेवढ्यावर थांबू नका, खांद्यांची रुंदी मापा किंवा मापून मागा.

१ मार्च

तिसऱ्या टप्प्याचं काय करायचं. ६० चा आकार, २०.३ च्या आसपास. खऱ्या नेकवर जायच्या आधी पाइनच्या तुकड्यात तो आकार करून आठवडाभर टेबलाशी ठेवला, येता जाता पकडून बघत होतो. लवकर सरकतो हात, खरंय. पण माझा अंगठा मागे टेकायला जागा शोधत राहतो. शिवाय फ्रेटबोर्डचे साडेपाच आणि ट्रस रॉडच्या खाचेचे अकरा मिमी वजा केले की मागे उरतं पावणेचार मिमी लाकूड, ताठरपणा पहिल्या टप्प्याच्या पस्तीस टक्क्यांनी खाली. पातळ नेक वाईट असं मी म्हणत नाही, कितीतरी जण त्यावरच सुंदर वाजवतात. माझा नेक २२.२ वर थांबला.

८ मार्च

आता टॉप. बॉडीची महोगनी वजनाला जड निघाली, म्हणून हलका टॉप हवा, म्हणून 'अ'. फ्लेमसाठी निवडला असं म्हणण्यापेक्षा हे कारण मला जास्त मानवतं, पण फ्लेम मिळतेय याचा आनंद आहेच.

रंगाच्या चाचण्या उरलेल्या तुकड्यावर केल्या. हल्लीची पद्धत म्हणजे आधी काळा डाय लावायचा, तो पट्ट्यांमध्ये खोल जिरतो, मग घासून वरचा काढायचा आणि वर पिवळा. पट्टे एकदम ठळक होतात. पण दिवा फिरवून बघितलं आणि वाईट वाटलं. पट्टे हलतच नाहीत. सात जानेवारीला जो खेळ बघितला होता, डावं उजळतं उजवं मावळतं, तो काळ्या डायने जागेवर गोठवून टाकला. दुसऱ्या तुकड्यावर नुसता पिवळा अ‍ॅनिलिन डाय आणि वर लॅकर, पट्टे फिके, पण जिवंत. हाच.

कडेचा लाल लॅकरमध्ये मिसळून मारणार. जुन्या बर्स्टमध्ये हाच लाल उन्हाने उडून गेला आणि कोणी लिंबासारखी पिवळी झाली, कोणी चहासारखी. माझा लाल टिकाऊ आहे, उडणार नाही, तेव्हा सुरुवातीलाच फिका मारायचा.

२९ मार्च

टॉप चिकटवला आणि एक चूक झाली. सरस गरम होता, निसटता, मी मधला क्लॅम्प आधी आवळला आणि टॉप दीड मिमी सरकला, लक्षात आलं तेव्हा सरस धरला होता. मधला जोड बास बाजूला दीड मिमी गेलाय. पिकअप आणि टेलपीस बसल्यावर जोड फार थोडा उघडा राहतो, पण टेलपीसच्या मागे तो दिसणार. पुढच्या वेळी टॉपच्या कापून जाणाऱ्या भागात दोन लाकडी खुंट्या आधीच बसवायच्या, म्हणजे सरकायला वावच नाही.

कोरीव काम चांगलं झालं. मध्यावर १६ मिमी, कडेला ६. कटअवेमध्ये (बॉडीच्या खाचेत) बाइंडिंग (कडेची पट्टी) अरुंदच ठेवलं, जुन्यासारखं, खाली मेपलची कड दिसते. तिथे बघितलं की टॉप खरा आहे की वर अर्ध्या मिलिमीटरचा व्हिनियर चिकटवलाय हे लगेच कळतं.

१९ एप्रिल

नेक चिकटवून तीन आठवडे झाले, लांब टेनन (नेकचं बॉडीत शिरणारं टोक), कोन चार अंशांचा. लॅकर अजून पुरता वाळलेला नाही पण धीर धरवला नाही, तारा चढवल्या. एकूण वजन ३.९ किलो.

पुन्हा सगळे सूर मापले. चिकटवलेल्या सांध्याने आणि जड बॉडीने चित्र थोडं बदललंय, सहाव्या फ्रेटचा सी शार्प आता साडेतीन सेकंद चालतो, खड्डा उथळ झालाय पण बुजलेला नाही. तिथे व्हायब्रेटो दिला की चालून जातं. बी तारेवर दहाव्या फ्रेटला किंचित भणभण आहे, तो फ्रेट वर उठलाय बहुतेक, लॅकर कडक झाल्यावर बघतो.